पाना न उचलणारे तांडेल

देवबागला कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे ओहोटीच्या वेळी मशीन बंद पडलं तर विचार करायला उसंत मिळत नाही. धार होडीला सरळ बाहेर, फुटणाऱ्या लाटांकडे नेते. याच पाण्यात आम्ही पर्यटक भरून फिरवतो, डॉल्फिन दाखवतो, पैसे मोजून घेतो. आणि आमच्यातल्या भल्याभल्यांच्या होडीत प्लग पाना नसतो. लाइफ जॅकेटं असतात, कारण ती तपासली जातात. स्पीकर असतो, कारण पाहुण्यांना गाणी लागतात. पाना कुणी तपासत नाही, त्यावर गाणीही वाजत नाहीत.

विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘‘चलता हा मा? मगे कित्याक हात लावतंस?’’ आणि बंद पडलं तर? ‘‘मिस्त्रीक फोन करूया.’’ मिस्त्री मालवणात जेवायला बसलेला, होडी संगमात आडवी, मोबाइलला रेंज नाही, पाहुण्यांची पोरं रडतायत. याला आम्ही धंदा म्हणतो.

ज्या कामासाठी एवढी मिस्त्रीची आळवणी, ते काम किती मोठं आहे? आउटबोर्डची टोपी काढायची. स्टॉप स्विचची दोरी काढून ठेवायची. मशीन थंड होऊ द्यायचं, कारण हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि तापलेल्या हेडातून प्लग काढताना आटे सोबत येऊ शकतात. प्लगवरची रबरी टोपी थोडी फिरवून सुटी करायची. वायर धरून ओढायची नाही. हे सांगूनही लोक वायरच ओढतात आणि मग कॉइलला शिव्या घालतात. प्लगच्या बुडाशी साचलेली वाळू आणि मिठाची पापडी ब्रशने झाडायची, नाहीतर प्लग निघाला की ती थेट सिलिंडरमध्ये. मग पाना. झालं. याला शिक्षण लागत नाही, धाडस तर अजिबातच लागत नाही. ज्या माणसाला रात्रीच्या काळोखात जाळं कुठे टाकायचं ते कळतं, त्याला हे कळत नाही यावर मी विश्वास ठेवायला तयार नाही. त्याला ते कळून घ्यायचं नसतं.

यात मिस्त्री लोकांचाही हात आहे. सगळ्यांचा नव्हे, चांगला मिस्त्री प्लग काढून मालकाच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, बघ. पण दुसरी जात मोठी आहे. ती टोपी उघडते, पाठ करून उभी राहते, दोन मिनिटं हुंकार देते आणि ‘‘कार्बोरेटर बघूक होयो’’ म्हणून मशीन गाडीत घालून नेते. एका सुरमई थाळीपेक्षा स्वस्त असलेला प्लग मग चार दिवसांच्या बुडालेल्या फेऱ्यांसकट पडतो. ऐन डिसेंबरात. आणि मालक खूश, कारण मशीन सुरू झालं आणि आपले हात काळे झाले नाहीत.

दुसरी जमात अर्धवट शहाण्यांची. हे स्वतः प्लग बदलतात आणि त्याचाच मला जास्त राग येतो. दुकानात जाऊन म्हणतात, ७ नको, ८ नंबरचा दे, भारी असतो. अरे, एनजीकेच्या प्लगवर लिहिलेला आकडा भारी-हलका सांगत नाही, प्लग किती थंड चालतो ते सांगतो. आकडा मोठा तितका प्लग थंड. आमच्या कितीतरी जुन्या टू-स्ट्रोक मशीनना बी७एचएस-१० लागतो. यातला बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, एच म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर, शेवटचे १० म्हणजे १ मिलिमीटर गॅप. सगळं डबीवर छापलेलं आहे. डॉल्फिनच्या मागे तासन् तास मशीन मंद ठेवणाऱ्याने गरजेपेक्षा थंड प्लग घातला तर काजळी धरणारच. प्लगला स्वतःवरची घाण जाळण्याएवढी ऊब मिळत नाही. बॉश आणि चॅम्पियनचा आकडा तर नेमका उलटा चालतो, तिथे मोठा आकडा म्हणजे गरम प्लग. ‘भारी’वाल्यांनी तिथे काय करायचं? आणि कुणी १९ मिलिमीटरच्या लांब आट्यांचा प्लग त्या हेडात घुसवला तर पिस्टन वर येऊन त्याला ठोकेल, मग खुशाल मिस्त्रीला बोलवा.

गॅपसाठी यांच्याकडे हॅक्सॉ ब्लेड. मोटरसायकलवाल्यांकडून आलेली विद्या. ब्लेडची जाडी साधारण ०.६ मिलिमीटर, हवाय १ मिलिमीटर. फीलर गेज बाजारात मिळतो, खिशात मावतो. पण नाही. जुना प्लग पॉलिश पेपरने घासून चकचकीत करून परत लावणं हाही एक आवडता उद्योग. त्या कागदाची खर प्लगच्या पोटात अडकते आणि पुढे सिलिंडरमध्ये जाते, याचं कुणाला सोयरसुतक नाही.

आणि मग ताकद. प्लग लावायचा तो आधी बोटांनी, पाना न लावता, शेवटपर्यंत. बोटाने फिरत नसेल तर तो आट्यात वाकडा बसलाय, काढा आणि परत लावा. वायसर टेकला की नवा प्लग पान्याने पाव ते अर्धा फेरा, बस. जुनाच परत लावत असाल तर त्याहूनही कमी, कारण वायसर आधीच दबलेला असतो. टॉर्क पाना असेल तर साधारण २५ न्यूटन मीटर. आमच्याकडे पान्याला हातभर पाइप लावून, पाय रोवून, दात आवळून प्लग पिळतात, जणू नारळ सोलायचाय. आटे गेले की हेड उतरवून नवे बसवायला लागतात, तेव्हा पाइप लावणारा कुठेच सापडत नाही.

काढलेला प्लग समुद्रात भिरकावणाऱ्यांना तर मी होडीतूनच उतरवीन. कचऱ्याचं सोडा, ते कागद न वाचता फाडल्यासारखं आहे. फिका तपकिरी असेल तर मशीन ठीक. काळा, तेलकट, ओला असेल तर मिश्रणात तेल जास्त. ‘‘जरा जास्त घातलेला बरा’’ म्हणत ५०:१ च्या मशीनला वाटेल तेवढं तेल ओतणाऱ्यांचा हा पुरावा. पांढराफटक, फोड आलेला असेल तर मशीन तापतंय. पाण्याचे थेंब दिसले तर हेड गॅस्केट बघा, आणि हो, तेव्हा मिस्त्रीला बोलवा, त्याचं ते खरं काम. दोन सिलिंडरचे दोन प्लग क्रमाने मांडून ठेवले तर कुठला सिलिंडर आजारी आहे तेही कळतं.

बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा प्लग तपासायला सांगितलेलं असतं. पावसाळ्यात होड्या वर ओढून झापाखाली ठेवल्या की आम्हाला वेळच वेळ असतो. मशीन गोणपाटात गुंडाळलेलं, मालक पत्ते कुटतोय. त्याच्या होडीवर काम करणाऱ्या पोराला शिकायचं असतं, पण पेटीला कुलूप आणि चावी मालकाच्या कमरेला. पोराने मशीन उघडलं तर बिघडवील म्हणे. सीझनमध्ये मात्र पंधरा माणसं भरून त्याच पोराला संगमात पाठवायला मालकाला काही वाटत नाही.

हल्ली माझ्याकडे पाहुणे आले आणि त्यांना दुसऱ्याच्या होडीने जायचं असलं, तर मी आधी होडीवाल्याला पाना आणि दोन नवे प्लग दाखवायला सांगतो. लोकांना राग येतो. एकाने विचारलं, तू काय बंदर खात्याचा साहेब? नाही. म्हणूनच विचारतो.