शजऱ्यात नसलेली नावं

ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किंवा मे महिन्यातल्या लग्नांच्या निमित्ताने आपल्याकडे मोठमोठी कुटुंबं एकत्र येतात. कोकणात तर आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसांच्या तारखा बघूनच लग्नं ठरतात. हल्ली या भेटींना 'गेट-टुगेदर' म्हणतात, त्यासाठी हॉल घेतला जातो, एकसारखे टी-शर्ट छापले जातात. त्यात वाईट काही नाही. पण दोन दिवसांनी हाती काय उरतं असं विचारलं, तर बहुतेकांकडे फोटोंपलीकडे उत्तर नसतं.

मुंबईच्या तय्यबजी कुटुंबाकडे ते होतं. सुलेमानी बोहरा समाजातलं, मूळ खंबायतचं हे व्यापारी घर. तय्यब अली, ज्यांना भोयमिया म्हणत, त्यांनी मुलांना विलायतेला शिकायला पाठवलं. कमरुद्दीन सॉलिसिटर झाले. धाकटे बद्रुद्दीन १८६७ साली बॅरिस्टर होऊन मुंबईला परतले. पुढच्या दोन पिढ्यांत हे कुळ वाढलं, फैजी आणि अली घराण्यांशी नात्याने बांधलं गेलं. माथेरान आणि अलिबागजवळचं किहीम या ठिकाणी सुट्टीत सगळे जमू लागले.

या घरांमध्ये एक पद्धत होती. प्रत्येक मोठ्या घरात एक वही उघडी ठेवलेली असे. तिला 'अखबार' म्हणत. घरातलं कोणीही त्यात लिहायचं आणि कोणीही वाचायचं. कोण आलं, कोण आजारी आहे, कुणाचा निकाल लागला, कोणतं पुस्तक वाचलं, सभेत काय झालं, सगळं त्या वहीत. मुख्यतः उर्दूत, काही ठिकाणी गुजराती, पुढे इंग्रजीही. बायका आणि मुलीही त्यात लिहीत. ज्या काळात मुलीच्या हाती कागद-लेखणी देण्यावरच वाद होत, त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती. याच कुळातल्या अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षणासाठी लंडनला गेल्या आणि तिथलं रोजचं वर्णन लिहून पाठवत राहिल्या. त्याचं पुढे पुस्तक झालं. लिहिण्याची सवय घरातच लागली असेल तर असं लिहायला वेगळं धाडस लागत नाही.

वहीमुळे सार्वजनिक काम घडलं, असा दावा मी करणार नाही. माझ्या व्यवसायात दोन गोष्टी सोबत दिसल्या की एकीला दुसरीचं कारण ठरवण्याची घाई महागात पडते. पण या घरात दोन्ही गोष्टी पिढ्यान् पिढ्या सोबत चालल्या, एवढं नक्की.

बद्रुद्दीन १८७३ मध्ये मुंबई महापालिकेवर निवडून गेले. पुढच्याच वर्षी भाऊ कमरुद्दीन आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. ती संस्था आजही हजारो मुलामुलींना शिकवते. १८८७ मध्ये मद्रासच्या अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. काँग्रेसमध्ये जावं की नाही, यावर सर सय्यद अहमद खान यांच्याशी त्यांचे टोकाचे मतभेद झाले. ते त्यांनी पत्रांतून मांडले, पण सर सय्यद यांच्याबद्दलचा आदर सोडला नाही. आणि १८९७ मध्ये, राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना आधी नाकारला गेलेला जामीन हायकोर्टाचे न्यायमूर्ती म्हणून त्यांनीच मंजूर केला. टिळकांचं राजकारण त्यांचं नव्हतं. मराठी वाचकाला हा जामीन आठवतो, न्यायाधीशाचं नाव मात्र पुष्कळदा आठवत नाही.

पुतणे अब्बास तय्यबजी बडोदा संस्थानात मुख्य न्यायाधीश होते. निवृत्तीनंतर ते गांधीजींसोबत गेले. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर धारासण्याच्या मिठाच्या सत्याग्रहाचं नेतृत्व त्यांनी हाती घेतलं आणि त्यांनाही अटक झाली. वय शहात्तर. त्याच वर्षी याच कुटुंबात वाढलेले सालिम अली, नोकरी गेल्यानंतर, किहीमला राहून सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांवर टिपणं काढत होते. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तरच संसार मांडते. एकाच वर्षी एक जण तुरुंगात आणि एक जण झाडाखाली वही घेऊन. 'सेवा' या शब्दाचा अर्थ या घराने बराच मोकळा ठेवला होता. पुढच्या पिढीत लैला तय्यबजी यांनी १९८१ मध्ये सहकाऱ्यांसोबत 'दस्तकार' उभी करून कारागिरांसाठी काम केलं, तेही याच अर्थात बसतं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. हे श्रीमंत, शिकलेलं, आपसांत लग्नं करणारं कुळ. विलायत त्यांना परवडत होती. सामान्य मुसलमान घराने त्यांच्याकडून काय घ्यायचं? आडनावाचं कौतुक तर मुळीच घेऊ नये, 'आमचे पणजोबा काझी होते' म्हणणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. पण घ्यायची ती वही. तिला पैसे लागत नाहीत. आणि सार्वजनिक काम करणारी माणसं तर आपल्या घरांतही होतीच. जहाजावर नोकरी करून गावच्या शाळेला पैसे पाठवणारा चुलता, मोहल्ल्यातल्या मुलींना घरी बसवून वाचायला शिकवणारी फुफी, विहिरीच्या वादात दोन्ही बाजू ऐकून तोडगा काढणारे जमातीचे म्होरके. त्यांचं कुठे काही लिहिलेलं नाही, म्हणून पुढच्या पिढीला ते घडलंच नाही असं वाटतं.

आपण जे लिहिलं, त्यातही खोट आहे. अनेक घरांत शजरा असतो, फ्रेम करून भिंतीवर लावलेला. त्यात बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. मुलींची नावं नाहीत, सुना तर नाहीतच. वर म्हटलेली फुफी त्यात कुठे सापडणार? शंभर वर्षांपूर्वी किहीमच्या वहीत मुली लिहीत होत्या, आणि आपण संगणकावर नव्याने बनवलेल्या शजऱ्यातही त्यांना जागा देत नाही. हे मला परंपरेपेक्षा आळसाचं लक्षण वाटतं.

दुसरी अडचण लिपीची. जुन्या पेट्यांत उर्दूतली पत्रं, निकाहनामे, मोडीतले जमिनीचे कागद पडून आहेत. मराठी आणि इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या मुलांना त्यातलं एक अक्षरही वाचता येत नाही. घर पाडून नवं बांधताना हे कागद रद्दीत जातात. उर्दू वाचू शकणारी शेवटची पिढी अजून आपल्यात आहे, पण ती सत्तरीच्या पुढे आहे.

त्यामुळे पुढच्या भेटीत टी-शर्टच्या खर्चातून एक जाड रजिस्टर घ्या. एखाद्या भाचीला मोबाइलवर प्रत्येक कागदाचा स्वच्छ फोटो काढायला बसवा, आणि शेजारी नानीला बसवून तो मोठ्याने वाचून घ्या, आवाज रेकॉर्ड होऊ द्या. फायलींची एक प्रत दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकाकडे ठेवा, व्हॉट्सअॅपवर विसंबू नका, तिथे फोन बदलला की सगळं गेलं. रजिस्टर मात्र कागदाचंच असू द्या आणि बैठकीत सर्वांना दिसेल असं उघडं ठेवा. पहिली नोंद घरातल्या सर्वात मोठ्या बाईच्या हातची असावी. तिला लिहिता येत नसेल तर ती सांगेल तसं, तिच्याच शब्दांत, खाली तिचं पूर्ण नाव घालून.