मूर्ती, रुमाल आणि समोरची काच

लकडगंजहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा भाड्याची मोटार चालवतो. गाडी घरी आली त्या दिवशी ताईंनी डॅशबोर्डवर स्वतः विणलेला पांढरा क्रोशाचा रुमाल अंथरला. त्यावर पितळी बुद्धमूर्ती ठेवली आणि शेजारी बाबासाहेबांची चौकट. गेल्या उन्हाळ्यात मुलाने हे सारे उचलून घरात आणून ठेवले. ‘काचेत हेच दिसतं, रस्ता दिसत नाही,’ एवढेच तो म्हणाला. ताईंच्या सासऱ्यांना हे मुळीच रुचले नाही. चार पैसे मिळू लागले तर नातवाला बाबासाहेबांची लाज वाटू लागली, असे ते बोलले आणि तेव्हापासून त्या गाडीत बसत नाहीत. कोणाचे खरे, हे सांगा, असे ताई लिहितात.

ताई, मुलाचे खरे आहे. पण आजोबांचे दुखणेही समजून घेतले पाहिजे. बाबासाहेबांचा फोटो उघडपणे लावायलासुद्धा ज्या पिढीला धैर्य लागले, त्या पिढीचे ते आहेत. त्यांना ‘तुम्हाला काही कळत नाही’ असे म्हणून चालणार नाही. कारण नीट सांगावे लागेल.

काच आरपार दिसते म्हणून ती उजेड मुळीच परतवत नाही, असे नाही. काचेवर उजेड सरळ पडला तर दोन्ही पृष्ठभाग मिळून शेकडा ८ भाग परत फिरतो. हल्लीच्या गाड्यांची समोरची काच फार तिरपी असते. त्यामुळे डॅशबोर्डवरून उठलेला उजेड काचेवर तिरका आदळतो आणि परत फिरणारा भाग जवळपास दुप्पट होतो. पूर्वीच्या अम्बॅसडर-फियाटची काच उभट होती, तेव्हा हा त्रास कमी असे. डॅशबोर्डवर ऊन पडले की तिथे जे काही असेल त्याचे फिकट चित्र काचेत उमटते आणि चालकाच्या डोळ्यांपुढे धुक्यासारखे पसरते. त्यात पांढरे कापड सर्वांत वाईट, कारण पडलेल्या उजेडातला बहुतेक भाग ते माघारी पाठवते. पितळेची तर एकच तिरीप डोळ्यात जाते, पण ती नेमकी नको त्या वेळी.

आता लकडगंजचेच उदाहरण घेऊ. डिसेंबर २०२२ पासून सेंट्रल एव्हेन्यूवरून मेट्रो धावते. टेलिफोन एक्स्चेंज, आंबेडकर चौक ही स्थानके त्याच रस्त्यावर. मेट्रोच्या पुलाची सावली खाली पडते, खांबाआडून माणसे रस्ता ओलांडायला निघतात, आरामशिनीवरून फळ्या लादलेले ठेले मध्येच वळतात. गाडी उन्हात आणि माणूस सावलीत, हा सर्वांत धोक्याचा क्षण. समोरचा भाग उजळ असेल तर काचेतले चित्र त्यात विरून जाते. समोर काळोखी असेल तर तेच चित्र ठळक होते आणि त्यामागचा माणूस झाकला जातो. चालकाला आपल्याला दिसत नाही हेही कळत नाही, कारण काहीतरी दिसत असतेच!

हा त्रास सकाळ-संध्याकाळपेक्षा भर दुपारी अधिक. सकाळी भंडाऱ्याकडे जाताना किंवा संध्याकाळी स्टेशनाकडे येताना सूर्य सरळ डोळ्यात येतो, त्याला समोरची झडप खाली ओढता येते. पण मे महिन्याच्या शेवटी, नवतपात, नागपूरला सूर्य नेमका डोक्यावर येतो. तेव्हा ऊन काचेतून थेट डॅशबोर्डवर उतरते आणि तिथे झडपेचा काही उपयोग नाही.

आजोबांसाठी एक प्रयोग सुचवतो. दुपारी गाडी उन्हात उभी करा, तोंड कडुनिंबाच्या दाट सावलीकडे. रुमाल आणि मूर्ती पूर्वीसारखी मांडा. आजोबांना मुलाच्या जागेवर, स्टिअरिंगमागे बसवा. सावलीत नातवंडाला उभे करा, शक्यतो गडद कपड्यात. मग डॅशबोर्डच्या अर्ध्या भागावर काळे मखमलीचे कापड टाका आणि त्यांना विचारा, कोणत्या बाजूने नातवंड स्पष्ट दिसते? आजोबांचे उत्तर काय येईल याविषयी मला शंका नाही.

तेच काळे कापड उपायही आहे. गांधीबागेत मखमल किंवा काळी फेल्ट सहज मिळेल. चमक नसलेली घ्यावी, सॅटिन नको. कागदावर माप घेऊन कापावे, वाऱ्याच्या जाळ्यांजागी खाचा ठेवाव्यात आणि चिकटपट्टीने पक्के करावे, नाहीतर ब्रेक लागताच ते चालकाच्या पायाशी येईल. मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२१ मध्ये शेजारच्या जागेसाठीही. शेजारची पिशवी डॅशबोर्डच्या वरच्या झाकणातून उसळते. त्या झाकणावर कापड नको, चौकट नको आणि मूर्ती तर नकोच. पिशवी उघडताना ती मूर्ती दगडासारखी बसणाऱ्याच्या तोंडावर येईल. आपल्या गाड्यांत हा धोका मला चकाकीपेक्षाही मोठा वाटतो.

गाडी धुणारी मुले डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश लावून देतात. ग्राहक खूश होतो, पण चकाकी वाढते. ओल्या फडक्याने पुसावे, बस्स. काच आतूनही पुसावी. उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकमधून निघणारी वाफ काचेवर आतून बसून तेलकट पडदा होतो, त्यावर लकडगंजचा भुसा आणि धूळ. साबणाच्या पाण्याने पुसून मग कोरडे कापड फिरवावे.

चष्म्याबद्दल मुलाने विचारले आहे, असे ताई लिहितात. साधा काळा चष्मा रस्ता आणि चकाकी दोन्ही सारखेच अंधुक करतो. पोलराइज्ड चष्मा वेगळा. तिरप्या काचेवरून परतलेला उजेड बहुतांशी एकाच दिशेने, आडवा कंप पावतो आणि हा चष्मा तेवढाच अडवतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन १९१० च्या सुमारास हिशेब खात्याच्या नोकरीत काही काळ आपल्या नागपुरात होते. १९२१ मध्ये विलायतेहून बोटीने परतताना, समुद्राचा निळा रंग म्हणजे केवळ आभाळाचे प्रतिबिंब की काय, हे पाहण्यासाठी त्यांनी याच गुणाचा एक लोलक डोळ्यापुढे धरला. पाण्यावरची चमक गेली, निळाई उरली. गांधीसागराजवळच्या रामन विज्ञान केंद्रात मुलांना नेलेत तर हे जरूर सांगा. चष्मा घेताना दुकानातच तो आडव्याचा उभा फिरवून काचेच्या कपाटावरची चकाकी पाहावी. ती कमी-जास्त झाली नाही तर चष्मा खरा नाही. रात्री तो घालू नये. आणि पन्नाशी ओलांडलेल्या चालकाला चकाकी अचानक फार जाणवू लागली तर दोष गाडीचा नसून मोतीबिंदूचाही असू शकतो. डोळे तपासून घ्यावेत.

राहिली मूर्ती. बाबासाहेबांनी तथागतांना मार्गदाता म्हटले, मोक्षदाता नव्हे. अपघातापासून राखण करणारा देव म्हणून मूर्ती गाडीत ठेवायची, हा विचार आपल्या धम्मात बसत नाही. आणि जो मार्गदाता, त्याच्याच मूर्तीने मार्ग झाकावा? प्रेमाने जवळ ठेवायचीच असेल तर बाबासाहेबांचे छोटे चित्र डॅशबोर्डच्या उभ्या भागावर, काचेच्या पातळीखाली, चमक नसलेल्या कागदाचे लावावे. आरशाला पंचशील ध्वज टांगतात, तोही काढावा. क्रोशाचा रुमाल घरातल्या मूर्तीखाली जास्त शोभेल, आणि टिकेलही.

काळी फिल्म लावली तर चालेल का, असे शेवटी विचारले आहे. समोरच्या काचेवर ती चालणार नाही. १९८९ च्या नियमांप्रमाणे पुढच्या काचेतून शेकडा ७० भाग उजेड आत आलाच पाहिजे, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली. शिवाय डॅशबोर्डचे प्रतिबिंब काचेच्या आतल्या बाजूनेही उमटते. फिल्मने रस्ता काळा होईल, प्रतिबिंब तिथेच राहील.