‘व्हेंटिलेटर’ आणि आमची शिल्लक रजा

गेल्या गणेशोत्सवात कुंभकोणम येथील आम्ही पाचसहा मराठी कुटुंबे एका बिऱ्हाडी जमलो होतो. आरती झाली, मोदक झाले, आणि मग यजमानांनी राजेश मापुसकर ह्यांचा ‘व्हेंटिलेटर’ हा चित्रपट लावला. तो २०१६ च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झाला, चारच दिवसांनी नोटाबंदी आली, आणि तरीही तो चालला. दिग्दर्शन व संकलन ह्यांसह तीन राष्ट्रीय पारितोषिके त्याला मिळाली. हे सर्व आम्हांस ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच की, चित्रपट संपल्यावर आमच्या त्या छोट्या मेळाव्यात त्याच्यावर एवढा रोष व्यक्त होईल.

‘मृत्युशय्येवर कसला आला आहे विनोद?’ हा पहिला आक्षेप. तो घेणारे गृहस्थ वयाने व हुद्द्याने आमच्यापेक्षा मोठे. ‘आपली कुटुंबे इतकी हलकट नसतात,’ हा दुसरा. आणि ‘अमराठी शेजाऱ्यांपुढे आपली लक्तरे कशाला?’ हा तिसरा. तिसऱ्याला उत्तर देण्याचे कारण नाही. शेजारी म्हणून त्या रात्री एकच वृद्ध सद्गृहस्थ हजर होते, आणि ते तंजावरी मराठी घराण्यातले. मालवणी वळणाचे निम्मे संवाद त्यांना कळले नसावेत. पण दवाखान्याच्या दारात नातेवाइकांची गाडी रिकामी होऊ लागली तेव्हा सर्वांच्या आधी तेच हसले.

पहिल्या आक्षेपाचा मात्र आम्ही लेखी समाचार घेऊ इच्छितो, कारण तो घेणारे पुष्कळ आहेत.

कथा सर्वांना माहीत आहे असे धरून चालू. गणपती तोंडावर आलेले असताना कामेरकरांचे वडीलधारे गजूकाका मुंबईच्या इस्पितळात यंत्राच्या श्वासावर आहेत. वार्ता कोकणात जाते, आणि शंभरावर माणसांचा गोतावळा इस्पितळाच्या मार्गिकेत येऊन बसतो. कोणाला सुतकाची चिंता, कोणाला जमिनीची, कोणाला जुन्या अपमानाची. राजकारणात पडलेला मुलगा प्रसन्न (जितेंद्र जोशी) आणि चित्रपटाच्या धंद्यात नाव काढलेला पुतण्या राजा (आशुतोष गोवारीकर) ह्या दोघांचेही आपापल्या वडिलांशी बिनसलेले. ह्यात हसू कोणाचे होते? यंत्राला जोडलेल्या म्हाताऱ्याचे? मुळीच नाही. त्याच्यावर एकही विनोद नाही. हसू होते ते काचेच्या अलीकडे बसलेल्यांचे, म्हणजे आपले.

आणि हे मराठी संस्कृतीला नवे आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ज्या गावात आपण नोकरी करतो त्याचा तरी इतिहास आठवावा. कुंभकोणम ही तंजावरच्या मराठी राज्याची भूमी. मराठी कीर्तनाचा घाट ह्याच प्रांतात तमिळ हरिकथेत उतरला, आणि तंजावूर कृष्ण भागवतरांनी तो रुजवला. कीर्तनकार मरणाचे आख्यान सांगता सांगता श्रोत्यांना हसवतो, आणि हसून सैल झालेल्यांच्याच डोळ्यांत पाणी आणतो. तमिळ मंडळी तर ह्याहून धीट. म्हाताऱ्या माणसाची अंत्ययात्रा येथे ढोल वाजवीत, फुले उधळीत जाते; त्यात कोणी पावित्र्यभंग पाहत नाही. दक्षिणेकडील दोन चित्रपट ह्या संदर्भात पाहण्याजोगे आहेत. राम रेड्डी ह्यांचा कन्नड ‘तिथी’ शतायुषी आजोबांच्या मृत्यूपासूनच सुरू होतो. आणि मधुमिता ह्यांच्या २०१९ च्या तमिळ ‘केडी’मध्ये अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला शुद्ध येते, घरचेच आपल्याला तेलाचे स्नान घालून संपवू पाहत आहेत हे त्याच्या कानी पडते आणि तो पळून जातो. ‘तलैकूत्तल’ ही ती प्रथा, तमिळनाडूच्या दक्षिण जिल्ह्यांतली. त्यापुढे आमचे कामेरकर सोवळेच म्हणावयाचे.

मग राग कशाचा? आमच्या मते तो विनोदाचा नाहीच. राग आहे तो राजाचा. घरापासून दूर जाऊन मोठा झालेला, संकटप्रसंगी मोटारीतून उतरणारा, आणि आल्याआल्या सर्वांनी ज्याच्या तोंडाकडे पाहावे असा हा माणूस. बदलीच्या गावी राहणारा आपल्यातला प्रत्येक जण स्वतःच्या गावी राजाच असतो. वैद्यांनी ह्या प्राण्याला १९९१ मध्ये नावच दिले: ‘कॅलिफोर्नियाची कन्या’. वर्षानुवर्षे दूर असलेली ही लेक अखेरच्या आठवड्यात अवतरते, शुश्रूषा करणाऱ्यांना दोष देते आणि ‘जे जे शक्य ते सर्व करा’ असा हुकूम सोडते. कॅलिफोर्नियात म्हणे हिलाच न्यूयॉर्कची कन्या म्हणतात! आपण तिला दिल्लीचा, चेन्नईचा, कुंभकोणमचा चिरंजीव म्हणावे.

आमचे आजोबा गेले तेव्हा आम्ही असेच गेलो होतो. कुंभकोणमहून चेन्नई, चेन्नईहून मुंबई, तेथून कोकण रेल्वे. दोन रात्री गाडीत काढून आम्ही रत्नागिरीच्या एका इस्पितळात पोहोचलो. पोहोचताच पहिला प्रश्न विचारला तो डॉक्टरांना, तोही इंग्रजीत. आजोबांचे अंग पुसणारी, त्यांना पेज भरवणारी आमची काकू दोन हातांवर उभी होती. तिला काहीही विचारावे असे आम्हांस सुचले नाही. यंत्र लावावे की न लावावे ह्यावर आम्ही मत दिले. लावले. आजोबा नऊ दिवस राहिले, त्यांपैकी चार आम्ही होतो. मग रजा संपली.

येथे चित्रपटावरचा आमचा स्वतःचा आक्षेप नोंदवतो. बापलेकांचा अबोला फुटतो ते प्रसंग उत्तम आहेत, आम्हीही रडलो. पण जी माणसे रोजची सेवा करतात त्यांच्यापाशी कॅमेरा पुरेसा थांबत नाही. पुरुषाने रडून घेतले की हिशेब पुरा झाला, असे काहीसे वाटत राहते. त्या रात्री आमच्यातल्या गृहिणी गप्प होत्या त्या ह्यामुळेच असाव्यात.

‘रजा संपली’ हे वर लिहिले, आणि लिहिताना लाज वाटली. कारण ते खरे नव्हते. संपली ती किरकोळ रजा. आमच्या खात्यावर तेव्हा अर्जित रजेचे दीडशेच्या आसपास दिवस शिल्लक होते. निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंतच्या रजेचे रोख पैसे मिळतात हे कोणत्या सरकारी माणसाला ठाऊक नाही? आपण एकत्र जमलो की मुलांसाठी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे (आणि तीही बहुतांशी स्त्री-कर्मचाऱ्यांना), पण आईबापांच्या नावाने एक दिवस नाही, अशी तक्रार करतो. तक्रार रास्त आहे. जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत ह्यावर सरकारने उत्तर दिले की वर्षाला ३० दिवस अर्जित, २० दिवस अर्धवेतनी, ८ दिवस किरकोळ आणि २ दिवस ऐच्छिक अशा रजा आहेत, त्या वृद्ध मातापित्यांच्या सेवेसाठीही घेता येतात. उत्तर शब्दशः बरोबर, आणि तरी अपुरे. कारण १९७२ च्या रजा नियमांत, रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हेही लिहिलेले आहे. साहेबांच्या मर्जीवर आजोबांचे आजारपण तोलणे ही व्यवस्था नव्हे. आईबापांच्या नावाची स्वतंत्र रजा असलीच पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. परंतु जी आहे ती आपण पैशांसाठी राखून ठेवतो, तेव्हा ही मागणी करताना आपला आवाज थोडा खाली यावयास हवा.

आणखी एक गोष्ट. गजूकाकांच्या वेळी यंत्र काढण्याचा प्रश्न पूर्णपणे गोतावळ्याच्या अंगावर पडला. पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, माणसाला आपल्या अखेरच्या उपचारांविषयीची इच्छा आधी लिहून ठेवता येईल, असा निर्णय दिला. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरते. राजपत्रित अधिकारी! त्या रात्री आमच्यात असे दोघे होते, आणि रोष व्यक्त करणारे गृहस्थ त्यांतलेच एक. शाळेच्या दाखल्यांच्या नकलांवर त्यांनी आजवर शेकडो सह्या केल्या असतील. ह्या कागदाविषयी मात्र त्यांनी कधी ऐकले नव्हते. आम्हीही चित्रपटाच्या निमित्ताने शोधाशोध केली म्हणूनच कळले.

आम्ही आमच्या वडिलांना दूरध्वनीवर हे सांगितले. थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तू ये, मग बघू. आणि आल्यावर काकूशी बोल. आजोबांच्या वेळी काय झाले ते तिला ठाऊक आहे.’ आम्ही वीस दिवसांच्या अर्जित रजेचा अर्ज टाकला आहे. कारणाच्या रकान्यात आजवर ‘घरगुती’ एवढाच शब्द लिहीत आलो. ह्या खेपेस ‘वडिलांजवळ राहण्यासाठी’ असे लिहिले. संबंधित टेबलाने अर्ज परत पाठवला आहे, वडील आजारी असल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे म्हणून. ते आजारी नाहीत, असे आम्ही लेखी कळवले आहे.