वीस वर्षांचा रूममेट

लॉकडाउनमध्ये तुम्ही काय काय केलंत? कुणी डालगोना कॉफी फेटली, कुणी बाल्कनीत कोथिंबीर लावली. आम्ही पक्षी आणला. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर नारिंगी ठिपका. कॉकाटील. दुकानदार म्हणाला, ‘काही करावं लागत नाही. दाणे टाका, पाणी ठेवा, झालं.’ नाव ठेवलं पिंट्या.

‘काही करावं लागत नाही’ हे खोटं आहे, हे पहिल्याच दिवाळीत कळलं. रात्री फटाका फुटला की पिंट्या अंधारात पिंजराभर पंख आपटायचा. सकाळी खाली पिसं आणि रक्ताचे थेंब. तेव्हापासून त्याच्यासाठी रात्रभर झीरोचा दिवा लागतो. मग कळलं की नुसत्या सूर्यफुलाच्या बिया म्हणजे रोज तीन वेळा वडापाव. आवडीने खातो, पण तब्येतीची वाट लागते. चॉकलेट आणि अव्होकाडो त्याच्यासाठी विष. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या धुराने पक्षी मरू शकतो, म्हणून आईने स्वतःचा आवडता तवा माळ्यावर टाकला. आणि पक्षी आजारपण लपवतो. मरगळलेला दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्यात आमच्या भागातले डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे. पक्ष्याचे डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला.

आता खरं सांगते. गेल्या महिन्यात मी शहराबाहेरच्या एका बर्ड रेस्क्यू सेंटरला गेले, ते फीचर करायचंय असं सांगून. मनात वेगळंच होतं. मला दुसऱ्या शहरात नोकरी मिळतेय. दादा आधीच बाहेर आहे, आईचे गुडघे दुखतात. पिंट्याला इथे ठेवून घेतील का, हे मला बघायचं होतं.

तिथे आधी दिसले आपले हिरवे पोपट. माझी आजी सांगते, तिच्या माहेरी वाड्यात असाच मिठू होता, मिरची आणि पेरू खायचा. आज तो मिठू पाळणं गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपटांना संरक्षण आहे, आणि एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे पोपट मोठ्या जाळीत उडायला शिकतात, पंखांत बळ आलं की सोडले जातात. त्यांची गोष्ट निदान संपते तरी.

पलीकडच्या जाळीतल्यांची संपत नाही. तिथे लव्हबर्ड, कॉकाटील, मकाव होते. हे ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिकेच्या वंशाचे आणि पिंजऱ्यात जन्मलेले. त्यांना सोडता येत नाही. खाणं शोधता येत नाही, घार आली तर लपता येत नाही. आणि त्यातून तगलेच, तर ढोल्यांसाठी आपल्याच पक्ष्यांशी भांडणार. पिंजऱ्यातून सुटलेल्या आपल्या हिरव्या पोपटांनी लंडनमध्ये हजारोंनी बस्तान बसवलंय, ते असंच. म्हणून हे मरेपर्यंत इथेच.

कोपऱ्यात एक आफ्रिकन ग्रे होता. छातीवरची पिसं त्याने स्वतःच उपटलेली. मी वही उघडली आणि मोबाइल वाजला. माझा नव्हता. त्यानेच रिंगटोन वाजवली, थांबला, आणि बाईच्या आवाजात म्हणाला, ‘हॅलो, हां, बोल गं.’ तिथल्या ताई म्हणाल्या, मालक परदेशी गेले. दिवसातून दहा-बारा वेळा तो फोन येतो.

पिंट्याबद्दल विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

हे सगळं सांगायचं कारण, पुढच्या आठवड्यात तुमच्यापैकी कुणीतरी वाढदिवसाचं गिफ्ट म्हणून रंगीत बजीची जोडी उचलणार आहे. रील्स बघून. तेव्हा रंग बघायच्या आधी हिशोब करा. बजी पाच ते दहा वर्षं जगतो. कॉकाटील पंधरा-वीस. आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास. तुम्ही आज एफवायला असाल, तर ग्रॅज्युएशन, हॉस्टेल, नोकरी, लग्न, घरमालक बदलणं, सगळं त्याच्यासोबत. आपल्या वयाला पुढच्या दोन वर्षांचं काही माहीत नसतं. त्यात आपला दोष नाही. पण ते माहीत असताना वीस वर्षांचा जीव घरी आणणं, हा दोष आपलाच.

घ्यायचाच असेल तर आधी पक्ष्याचा डॉक्टर शोधा. घरात रोज वेळ देणारं कोण आहे ते विचारा. आफ्रिकन ग्रे, मकाव यांसारख्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींची २०२४ च्या नियमांनुसार सरकारी ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागद नसतील तर दुकानातून बाहेर पडा. आणि शक्य असेल तर विकत घेण्याऐवजी आधी एखाद्या सेंटरला शनिवार-रविवारी मदतीला जा. ट्रे धुवा, फळं कापा, कलकलाट ऐका. दोन महिन्यांनीही हौस टिकली, तर ती हौस खरी.

आणि ज्यांच्या घरी आधीच एखादा पिंट्या आहे त्यांना? रेस्क्यू सेंटर हे अपघातासाठी असतं, आपल्या सोयीसाठी नाही. तिथली प्रत्येक जाळी कुणाच्या तरी ‘आता जमत नाही’ने भरलेली आहे.

मी नव्या शहरात खोली शोधतेय. आतापर्यंत चार घरमालकांना फोन केले. भाडं, डिपॉझिट सगळं ठरतं, मग मी विचारते, ‘काका, पक्षी चालेल का?’ तीन जण नाही म्हणाले. चौथे म्हणाले, ‘ओरडतो का?’

ओरडतो, म्हटलं. रोज सकाळी सहाला. ते विचार करून सांगणार आहेत.