कारभार राजकीय असावा, पक्षाचा नव्हे

शासनाची प्रत्येक कृती राजकीयच असते, तेव्हा तिच्यात पक्षहित शिरले तर तक्रार कसली, हा युक्तिवाद महाराष्ट्रात सत्तेवर आलेला पक्ष करतो आणि सत्ता गेली की विसरतो. यातले पहिले विधान खरे आहे, कारण कोणाकडून किती घ्यावे व कोणाला काय द्यावे हे ठरवणे म्हणजेच राजकारण. दुसरे मात्र त्यातून मुळीच निष्पन्न होत नाही.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली आणि 1972 च्या दुष्काळात निकडीची ठरलेली रोजगार हमी योजना याची साक्ष देते. शहरांतील पगारदार व व्यावसायिकांवर 1975 मध्ये व्यवसाय कर बसवून ग्रामीण मजुराला काम देणे, हा उघडउघड राजकीय निर्णय होता. तथापि 1977 मध्ये कायदा संमत झाला तेव्हा राज्यात काँग्रेसचे सरकार होते, 26 जानेवारी 1979 रोजी तो अमलात आला तेव्हा पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद), आणि 1995 मध्ये आलेल्या शिवसेना-भाजप युती सरकारनेही तो मोडीत काढला नाही. हजेरीपटावर खोटी नावे चढली, कामे कागदावरच राहिली, हे सारे घडले. परंतु काम मागणाऱ्याचा पक्ष विचारण्याची तरतूद कायद्यात नव्हती, कारण त्याने काम हा हक्क मानला होता, मेहेरबानी नव्हे.

याउलट नगराध्यक्षाच्या निवडीचा प्रश्न पाहावा. 2016 मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याचे ठरले, 2020 मध्ये महाविकास आघाडीच्या सरकारने निवडीचा अधिकार पुन्हा नगरसेवकांकडे दिला, आणि 2022 मध्ये सरकार बदलताच थेट निवड परत आली. मुंबई महापालिकेच्या प्रभागांची संख्याही याच रीतीने 227 वरून 236 आणि 236 वरून पुन्हा 227 झाली. यातल्या प्रत्येक पर्यायाच्या बाजूने विचारपूर्वक बोलता येते. पण जे तत्त्व प्रत्येक सत्तांतराबरोबर कूस बदलते, ते तत्त्व नसून जागांचे गणित असते, आणि या गणितात कोणताही मोठा पक्ष कच्चा नाही.

अशा वेळी प्रशासक, म्हणजे लोकनियुक्त सभागृहाऐवजी कारभार पाहणारा शासननियुक्त अधिकारी, बरा असे सुशिक्षित मंडळी म्हणतात. हा उपाय रोगाहून वाईट आहे, कारण प्रशासकाची नेमणूक आणि बदली मंत्रालयाच्या हाती असते आणि त्याला सभागृहात जाब विचारणारा कोणी उरत नाही. महापालिकेची मुदत पाच वर्षे असून ती संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे संविधानाचा अनुच्छेद 243-यू सांगतो. तरीही मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपल्यानंतर मतदान जानेवारी 2026 मध्ये झाले. इतर मागासवर्गीय आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात होता हे खरे. पण त्या काळातले अर्थसंकल्प निवडून आलेल्या एकाही नगरसेवकाच्या मताविना मंजूर झाले, हेही तितकेच खरे.

म्हणून मतदारांनी प्रत्येक पक्षाकडे एक स्पष्ट मागणी करावी: स्थानिक संस्थांच्या निवडणूक पद्धतीत सरकारने केलेला कोणताही बदल लगतच्या निवडणुकीला लागू न होता त्यानंतरच्या निवडणुकीपासून लागू होईल, अशी तरतूद कायद्यात झाली पाहिजे. जो पक्ष हे लेखी मान्य करणार नाही, त्याला मत देऊ नये.