नोंद न होणारी विषबाधा

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा चौकशी झाली, मदत जाहीर झाली आणि काही दिवस तरी हा विषय वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर राहिला. मृत्यूची दखल सरकारला घ्यावीच लागते. परंतु जे विष कोणाला मारीत नाही, केवळ जन्माला यावयाच्या मुलाच्या बुद्धीतून थोडेसे काही काढून घेते, त्याची नोंद कोणत्या दप्तरात व्हावयाची?

ही भीती हवेतली नाही. मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातील याकी खोऱ्यात एलिझाबेथ गिलेट या मानवशास्त्रज्ञ विदुषीने केलेली पाहणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. खोऱ्यातील शेतीत कीटकनाशकांचा सढळ वापर होता. लगतच्या डोंगरपायथ्याशी तो टाळला जाई. लोक एकाच वंशाचे, खाणेपिणेही सारखेच. चार-पाच वर्षांच्या मुलांच्या शारीरिक वाढीत फरक आढळला नाही. मात्र माणसाचे चित्र काढावयास सांगताच पायथ्याच्या मुलांनी ओळखू येईल असा माणूस काढला, तर खोऱ्यातील अनेकांच्या कागदावर नुसत्या रेघोट्या उमटल्या. मुले अवघी पन्नास होती, हा आक्षेप रास्त आहे. पण पुढे कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात, प्रामुख्याने शेतमजूर कुटुंबांत, बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी गरोदर स्त्रियांच्या लघवीत ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांचे अंश मोजले आणि त्यांची मुले वर्षानुवर्षे तपासली. २०११ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, सर्वाधिक अंश आढळलेल्या मातांच्या मुलांचा बुद्ध्यंक सातव्या वर्षी, सर्वांत कमी अंश असलेल्या मातांच्या मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी होता. आईचे शिक्षण आणि घरची परिस्थिती हिशेबात धरूनही हा फरक उरला.

एका मुलाच्या बाबतीत सात गुण डोळ्यांत भरणार नाहीत. पण गावच्या गाव तेवढे खाली सरकले, तर काठावरची किती मुले मागे पडतील? त्यांच्या प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा बसतो आणि दोष मुलाच्या पदरी पडतो.

किडीची मज्जासंस्था बिघडविणे हेच या रसायनांचे काम. ती वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात, आणि तेथे मेंदू अजून घडत असतो. आपल्याकडे डब्यावर लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण असतो. त्याचा रंग मुख्यतः किती मात्रेने प्राणी मरतो यावरून ठरतो. मुलाच्या मेंदूचे काय, याचे उत्तर त्या त्रिकोणात नाही. शेतकरी तर या द्रव्याला विष न म्हणता ‘औषध’ म्हणतो, आणि ते कालविण्यास पाणी आणून देणारी बहुधा घरचीच बाई असते.

क्लोरपायरिफॉसची कथा बोलकी आहे. युरोपीय संघाने २०२० साली त्याची परवानगी संपविली. त्याच वर्षी भारत सरकारने ज्या २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यांत तेही होते. २०२३ साली प्रत्यक्ष बंदी आली ती मोजक्या औषधांवर, आणि त्यांत ते नव्हते. २०२५ मध्ये स्टॉकहोम करारातील राष्ट्रांनी, काही सवलती ठेवून का होईना, ते हद्दपार करावयाच्या यादीत घातले.

बोंडअळीने पीक खाल्ले तर मुलाच्या ताटात काय वाढायचे, हा शेतकऱ्याचा प्रश्न खोटा नाही, आणि बंदीचा भार एकट्या त्याने सोसावा असे म्हणणे अन्यायाचे होईल. पर्यायी औषध आणि सल्ला त्याच्या बांधापर्यंत पोहोचविणे हे कृषिखात्याचे काम आहे. पण मोजणी तरी सुरू व्हावी. गरोदर स्त्रीच्या तपासणीच्या कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन लिहिले जाते. फवारणीच्या दिवसांत ती शेतात होती काय, एवढा एक रकाना त्यात वाढविण्यास सरकारला फारसा खर्च येणार नाही.