खिशातल्या संगीताचा मालक कोण?

१० मे २०२२ रोजी अॅपल कंपनीने आयपॉड टचचे उत्पादन थांबवीत असल्याचे जाहीर केले आणि २३ ऑक्टोबर २००१ रोजी सुरू झालेल्या एका पर्वाची अखेर झाली. पाच गिगाबाइटच्या पहिल्या आयपॉडने एक हजार गाणी खिशात नेण्याचे आश्वासन दिले होते. शेवटचा आयपॉड बंद झाला तेव्हा मोबाइल फोनच्या माध्यमातून कोट्यवधी गाणी खिशात आलेली होती. तेव्हा केवळ संगीत ऐकण्यासाठी वेगळे यंत्र बाळगण्याचे प्रयोजन उरले नाही, असाच निष्कर्ष बहुतेकांनी काढला.

हा निष्कर्ष पूर्णपणे खरा ठरलेला नाही. सोनीने १९७९ मध्ये आणलेले वॉकमन हे नाव डिजिटल प्लेअरच्या रूपाने टिकून राहिले. कोरियातील अॅस्टेल अँड कर्न, चीनमधील फिओ, शानलिंग यांसारख्या कंपन्यांनी दर्दी श्रोत्यांसाठी प्लेअर बनविणे सोडले नाही. भारतात तर २०१७ मध्ये, म्हणजे मोबाइलचा आणि स्वस्त इंटरनेटचा सुकाळ झाल्यावर, सारेगामा कंपनीने पाच हजार जुनी गाणी भरलेला 'कारवाँ' बाजारात आणला आणि तो घराघरांत पोहोचला. म्हणजे 'कोणता प्लेअर घ्यावा' हा प्रश्न शिल्लक आहे. वरवर पाहता तो ग्राहकाचा साधा प्रश्न वाटतो. पण थोडे खोलात गेल्यास त्याच्यामागे दुसरा आणि अधिक मूलभूत प्रश्न उभा असलेला दिसतो. खिशात असलेल्या संगीताचा खरा मालक कोण, हा तो प्रश्न होय.

न्यायालयातून सुटलेले यंत्र

हा प्रश्न या यंत्राच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे. १९९८ मध्ये डायमंड मल्टिमीडिया या अमेरिकी कंपनीने 'रिओ' नावाचा प्लेअर आणला. त्याची साठवणक्षमता अवघी ३२ मेगाबाइट होती. नेहमीच्या दर्जाच्या एमपीथ्री स्वरूपात त्यात जेमतेम अर्ध्या तासाचे संगीत मावत असे. तरीही अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने त्याच्यावर बंदी आणण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला तो कंपनीच्या बाजूने. संगणकावर आधीपासून असलेले संगीत बरोबर नेता यावे, एवढेच हे यंत्र करते आणि असा वैयक्तिक वापर कायद्याच्या हेतूशी सुसंगत आहे, असे न्यायालयाने म्हटले. विकत घेतलेली तबकडी घरात ऐकावी की प्रवासात, हे ठरविण्याचा अधिकार श्रोत्याचा, हे तत्त्व त्या निकालाने मान्य केले. निकाल वेगळा लागला असता, तर पुढचा आयपॉड कदाचित आलाच नसता.

कुलुपांचा काळ

न्यायालयात जे साधले नाही, ते कंपन्यांनी तंत्रज्ञानाने साधण्याचा प्रयत्न केला. २००३ मध्ये अॅपलने गाण्यांचे ऑनलाइन दुकान उघडले. ९९ सेंटला एक गाणे मिळू लागले. मात्र, त्या गाण्याला डिजिटल कुलूप होते. अॅपलची परवानगी नसलेल्या प्लेअरवर ते वाजत नसे. सोनीने स्वतःच्या अॅट्रॅक स्वरूपाचा आग्रह धरला आणि दीर्घकाळ आपल्या प्लेअरना एमपीथ्री थेट वाजवू दिले नाही. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये 'प्लेज फॉर शुअर' या नावाने, म्हणजे 'नक्की वाजणार' अशा हमीसह, वेगळी व्यवस्था आणली. गंमत अशी, की २००६ मध्ये याच कंपनीने झून हा प्लेअर काढला, तेव्हा त्या हमीची गाणी त्यावर वाजत नव्हती.

ग्राहकाला या साऱ्याची किंमत २००८ मध्ये कळली. याहूने आपले गाण्यांचे दुकान बंद केले. मायक्रोसॉफ्टने एमएसएन म्युझिकमधून विकलेल्या गाण्यांना परवाना देणारे सर्व्हर थांबविण्याची घोषणा केली आणि ओरड झाल्यावर ती पुढे ढकलली. पैसे मोजून घेतलेली वस्तू विक्रेत्याच्या सर्व्हरच्या श्वासावर जगते, हे त्या वर्षी उघड झाले. अखेर जानेवारी २००९ मध्ये अॅपलने आपली गाणी कुलूपमुक्त करण्याचे जाहीर केले. पुढे २०१७ मध्ये एमपीथ्रीचा परवाना कार्यक्रमही संपुष्टात आला आणि ते स्वरूप सर्वांसाठी मोकळे झाले. कुलूप नसलेली, खुल्या स्वरूपातील फाइल कोणत्याही कंपनीच्या भवितव्यावर अवलंबून नसते, हा या दशकाचा धडा होता.

भाड्याचे घर

दुर्दैवाने हा धडा पचण्याआधीच व्यवहार बदलला. गाणे विकत घेण्याऐवजी महिन्याच्या वर्गणीवर ऐकण्याची पद्धत रूढ झाली. भारतात फ्लिपकार्टने २०१२ मध्ये 'फ्लाइट' या नावाने कुलूपमुक्त गाणी विकण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. तो पुढच्याच वर्षी गुंडाळावा लागला. त्यानंतर मैदान सावन, गाना, विंक यांसारख्या सेवांचे झाले आणि २०१९ मध्ये स्पॉटिफायही भारतात आली.

या सेवांनी श्रोत्याचे भले केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याआधी महाराष्ट्रातील गावोगावच्या मोबाइल दुकानांत मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा धंदा तेजीत होता. त्यातील छदामही गायक, गीतकार वा संगीतकाराच्या हाती पडत नसे. वर्गणीच्या व्यवस्थेने निदान हिशेबाची वही तरी उघडली. परंतु, भाड्याच्या घराला असतात त्या मर्यादा या व्यवस्थेलाही आहेत. फोनमध्ये 'उतरवून' ठेवलेली गाणी प्रत्यक्षात त्या अॅपच्या आतच बंद असतात आणि वर्गणी संपताच मुकी होतात. परवान्याचा करार संपला, की एखादा संग्रह यादीतून नाहीसा होतो. २०२४ मध्ये रेसो आणि विंक या दोन्ही सेवा भारतात बंद झाल्या. श्रोत्यांनी वर्षानुवर्षे रचलेल्या याद्यांचे मोल त्या दिवशी शून्यावर आले.

यापेक्षाही महत्त्वाची बाब म्हणजे, जे संगीत कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नाही, ते या सेवांवर सहसा नसतेच. मराठी घरांत कॅसेटचे खोके असतात. कुठे खासगी मैफलीचे ध्वनिमुद्रण, कुठे आकाशवाणीवरून टिपून ठेवलेली नभोनाट्ये, कुठे आजोबांच्या आवाजातील अभंग. त्या फिती डिजिटल करून घेतल्या नाहीत, तर काही वर्षांत चुंबकीय लेपाबरोबर तो आवाजही जाईल. अशा ठेव्याला स्वतःचा संग्रह आणि स्वतःचे यंत्र यांखेरीज दुसरे घर नाही.

वेगळा प्लेअर कोणाला हवा?

तेव्हा निवडीची पहिली पायरी दुकानात नव्हे, घरात आहे. जो श्रोता नव्या चित्रपटगीतांवर समाधानी आहे आणि ज्याला नेटवर्कची अडचण नाही, त्याला फोन पुरेसा आहे. त्याने वेगळ्या यंत्रावर खर्च करण्याचे कारण नाही. ज्याच्याजवळ स्वतःचा संग्रह आहे, जो घाटात, एसटीत वा आडगावी नेटवर्कविना प्रवास करतो, ज्याला गाण्याच्या मध्ये फोन आणि जाहिरात नको आहे, त्याच्यासाठी प्लेअरला अर्थ आहे. ज्येष्ठांची गरज आणखी निराळी. कारवाँने ती ओळखली. मोठी बटणे, इंटरनेटची गरज नाही, लावले की सुरू. मात्र, त्यातील गाण्यांची निवड कंपनीची असते. म्हणून असे यंत्र घेताना पेनड्राइव्हवरून स्वतःचे संगीत वाजविण्याची सोय आहे ना, हे पाहणे अगत्याचे ठरते.

साठवणक्षमतेचा हिशेब सोपा आहे. १२८ किलोबिट दर्जाचे एमपीथ्री मिनिटाला सुमारे एक मेगाबाइट जागा घेते, ३२० किलोबिटचे सुमारे अडीच, तर सीडीचा दर्जा जसाच्या तसा राखणारे फ्लॅक स्वरूप साधारण पाच ते सहा. याचा अर्थ, ६४ गिगाबाइटच्या कार्डात ३२० किलोबिट दर्जाचे सुमारे ४४० तासांचे संगीत मावते. रोज चार तास ऐकले तरी ते साडेतीन महिने पुरेल. त्यामुळे अंगभूत साठवणीसाठी ज्यादा पैसे मोजण्यापेक्षा कार्ड घालण्याची खाच असलेला प्लेअर घेणे शहाणपणाचे. कार्डे मात्र खात्रीच्या ठिकाणचीच घ्यावीत. प्रत्यक्षात कमी जागा असलेली बनावट कार्डे बाजारात असतात आणि त्यांतील संग्रह भरता भरता निकामी होतो. त्याहून मोठी दक्षता म्हणजे, मूळ संग्रहाची दुसरी प्रत घरी वेगळ्या डिस्कवर ठेवणे.

शास्त्रीय संगीताच्या रसिकाने आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांनी पहिली मुद्रणे दिली, तेव्हा तबकडीच्या सुमारे तीन मिनिटांत राग मांडावा लागे. दीर्घध्वनिमुद्रिकेने ती मर्यादा एका बाजूला वीस-बावीस मिनिटांवर नेली, सीडीने चौऱ्याहत्तरवर. डिजिटल फाइलने हे बंधन तोडले. परंतु, आलाप, जोड आणि झाला हे तीन फाइलींत विभागलेले असतील आणि प्लेअर प्रत्येक दोन फाइलींमध्ये क्षणभर थबकत असेल, तर रंगलेल्या रागाचा धागा तुटतो. अखंड वादनाची सोय प्रत्येक प्लेअरमध्ये असतेच असे नाही. दुसरी गोष्ट देवनागरीची. काही स्वस्त प्लेअरवर मराठी नावांच्या जागी नुसत्या चौकोनांची रांग दिसते. शिवाय, गायक, अल्बम आणि गाणे ही तीन खणांची पाश्चात्त्य मांडणी आपल्या संगीताला अपुरी पडते. नाट्यपदाला नाटक, राग आणि संगीतकारही हवा असतो. फाइलींना नावे देतानाच ही माहिती घातली, तर पुढे शोधाशोध वाचते.

ध्वनीच्या दर्जाबाबत मात्र जाहिरातींना भुलण्याचे कारण नाही. सीडीचे स्वरूप २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर टिपते आणि माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झच्या पलीकडे ऐकत नाही. २००७ मध्ये अमेरिकेतील ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मेयर आणि मोरन यांच्या चाचण्यांत, उच्च विभेदनाचे मुद्रण आणि सीडी दर्जाचे मुद्रण यांतला फरक श्रोत्यांना ओळखता आला नव्हता. महागड्या प्लेअरपेक्षा चांगल्या इअरफोनवर केलेला खर्च अधिक फळतो, ही जुनी समजूत म्हणूनच आजही खरी आहे.

बॅटरी आणि कान

यंत्राचे आयुष्य बहुधा बॅटरी ठरविते. सुरुवातीच्या आयपॉडची बॅटरी सहजी बदलता येत नसे. त्यावरून अमेरिकेत खटले झाले आणि २००५ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या बॅटरीविषयक नियमांत, वापरणाऱ्याला स्वतः बदलता येईल अशी बॅटरी उपकरणांत असावी, अशी अट फेब्रुवारी २०२७ पासून घातली आहे. भारतीय ग्राहकानेही खरेदीपूर्वी हा प्रश्न विक्रेत्याला विचारावयास हवा.

कानाला तर बदली भागच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, इअरफोनच्या असुरक्षित वापरामुळे आणि इतर गोंगाटामुळे जगातील एक अब्जाहून अधिक तरुणांच्या श्रवणशक्तीला धोका आहे. प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही तिने सांगितलेली मर्यादा. आवाज ९० डेसिबलवर नेला, की ती अवघ्या चार तासांवर येते. लोकलच्या खडखडाटात गाणे ऐकू यावे म्हणून आवाज वाढविणारा प्रवासी ही मर्यादा नकळत ओलांडतो. बाहेरचा गोंगाट अडविणारे, कानात नीट बसणारे इअरफोन ही म्हणूनच चैन नव्हे. रस्त्यावर चालताना मात्र ते काढून ठेवणेच इष्ट.

संग्रह आधी, यंत्र नंतर

कायद्यानेही श्रोत्याच्या हाती काही दिले आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षांनी संपतो. शब्द आणि चाल यांचे हक्क स्वतंत्र असतात, हे ध्यानात ठेवले, तरी जुन्या तबकड्यांचा मोठा ठेवा दरवर्षी थोडा थोडा समाजाच्या मालकीचा होत आहे. तो जपण्याचे काम कोणतीही वर्गणी करणार नाही.

गेल्या पंचवीस वर्षांत रिओ गेला, झून गेला, आयपॉड गेला. ज्यांनी यंत्रावर भिस्त ठेवली, त्यांचे संगीत यंत्राबरोबर गेले. ज्यांनी खुल्या स्वरूपातील फाइली नीट नावे घालून सांभाळल्या, त्यांचा संग्रह प्रत्येक नव्या यंत्रावर वाजत राहिला. कॅसेटच्या खोक्यातून आजोबांचा अभंग वेळेवर बाहेर काढला, तर तो नातवाच्या प्लेअरवरही वाजेल, मग त्या प्लेअरवर नाव कोणत्याही कंपनीचे असो.